टायपिंग झाले, लेखनाचे काय?

दिवाळीच्या फराळाला चार घरची मंडळी जमली म्हणजे एकदा आडनावांवरून नजर फिरवून पाहावी. कोणी चिटणीस असतात, कोणी फडणीस. सबनीस, पोतनीस, कारखानीस, पारसनीस हेही कोठे ना कोठे भेटतात. या साऱ्यांच्या शेवटी जो 'नीस' ठाण मांडून बसला आहे, तो मूळचा फारसी 'नवीस', म्हणजे लिहिणारा. चिटणिसाने पत्रे लिहावीत, फडणिसाने हिशेबाचा फड सांभाळावा, पोतनिसाने खजिन्याची नोंद ठेवावी, पारसनिसाने फारशीतला पत्रव्यवहार पाहावा, अशी ही वाटणी होती. आज ज्याला आपण 'ऑफिस ॲडमिनिस्ट्रेशन' असे भारदस्त नाव देतो, तो व्यवसाय महाराष्ट्रात इतका जुना आहे की तो आमच्या आडनावांतच मुरून बसला आहे!

मात्र त्या काळी ही लेखणी मोजक्या घरांतून बापाकडून मुलाकडे जात असे. आज ती कोणालाही घेता येते. या निसांची नवी पिढी पाहावयाची असेल तर पुण्या-मुंबईस जाण्याचे कारण नाही. गंगापूरसारखे एखादे तालुक्याचे गाव पुरेसे आहे. सकाळच्या एस. टी. ने आसपासच्या खेड्यांतून मुली-मुले येतात, पाठीवरच्या पिशवीत एक वही आणि एक डबा असतो, आणि कॉलेजची घंटा होण्यापूर्वी त्यांचा तासभर कॉम्प्युटर-टायपिंगच्या क्लासात जातो. कोणाचा बाप कापूस वेचून घर चालवतो, कोणाची आई दुसऱ्याच्या शेतात जाते. घरात 'नीस' कधी कोणी नव्हता. पण मुलीने खुर्चीवर बसून काम करावे ही इच्छा त्या घरात जितकी तीव्र आहे, तितकी ती शहरातल्या चिटणिसांच्या घरातही नसेल.

मी मराठी शिकवतो. तेव्हा संगणकाशी माझा संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध असा, की परीक्षेचे निकाल लागले म्हणजे पालक मंडळी आम्हां मास्तरांकडे येतात आणि सगळ्यांचा प्रश्न एकच असतो: "सर, एमएस-सीआयटी झाले, मराठी तीस झाले, इंग्रजी चाळीस झाले. आता पुढे काय?" या प्रश्नाचे उत्तर मराठीच्या मास्तरालाच द्यावे लागेल असे मला दिवसेंदिवस वाटू लागले आहे. ते कसे, हे सांगण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

गोदेचे दोन काठ

गंगापूर तालुक्याच्या दक्षिणेला गोदावरी आहे. कायगावजवळ पूल ओलांडला की पलीकडे नेवासे तालुका लागतो. याच नेवाशात शके १२१२, म्हणजे इ. स. १२९० साली, ज्ञानेश्वरांनी गीतेवरील टीका सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी ती उतरून घेतली. एकाने सांगावे आणि दुसऱ्याने अक्षर न गाळता लिहावे, हे काम हल्लीच्या भाषेत 'डिक्टेशन'च होय. मराठीतले सर्वांत थोर डिक्टेशन आपल्या शेजारच्या तालुक्यात झाले आहे, एवढे गंगापूरच्या टायपिंगच्या विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावयास हरकत नाही.

पुढे या नदीने एक मौजेची वाटणी केली. नेवासे इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात गेले आणि गंगापूर निजामाच्या राज्यात राहिले. हैदराबाद संस्थानात १८८४ च्या सुमारास फारशीच्या जागी उर्दू ही दरबारची भाषा झाली. म्हणजे त्याच नदीचे पाणी पिणाऱ्या दोन कारकुनांपैकी दक्षिण काठचा मराठी आणि इंग्रजी कागद लिहीत होता आणि उत्तर काठचा उर्दू. घरात बोलावयाचे मराठी, गावच्या दप्तराला मोडी आणि तहसिलीत उर्दू, अशी तारेवरची कसरत मराठवाड्याच्या दोन पिढ्यांनी केली.

१७ सप्टेंबर १९४८ ला निजामी राजवट संपली. १९५६ साली मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात. त्याच वर्षीच्या जुलैत राज्याचे भाषा संचालनालय स्थापन झाले आणि १९६४ साली राजभाषेचा कायदा झाला. बारा-पंधरा वर्षांत कचेरीची लिपी, भाषा, संज्ञा, सारे बदलले. ज्याचे सगळे भांडवल सुबक उर्दू अक्षर एवढेच होते, तो कारकून अडचणीत आला. ज्याला जमिनीचा कागद कळत होता, अर्जदाराला काय हवे आहे आणि नियम काय देतो हे ठाऊक होते, तो नव्या लिपीतही तरला.

जुने कागद मात्र तसेच राहिले. २०२३ साली मराठवाड्यातील कुणबी नोंदी शोधण्यासाठी शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, तेव्हा मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांची एकाएकी शोधाशोध सुरू झाली. शंभर वर्षांपूर्वी कोण्या अनामिक कारकुनाने एका ओळीत काय लिहिले होते, यावर आजच्या नातवंडांचे भवितव्य अवलंबून राहावे! कारकुनीला क्षुद्र समजणाऱ्यांनी या एका गोष्टीचा विचार करावा.

यंत्राचा खडखडाट

लेखणीच्या जागी यंत्र आले ते अमेरिकेतून. शोल्स नावाच्या गृहस्थाने आपल्या सहकाऱ्यांसह १८६८ साली टंकलेखनयंत्राचे पेटंट घेतले, रेमिंग्टन कंपनीने ते १८७४ साली बाजारात आणले. आपल्याकडे संपूर्ण भारतीय बनावटीचे यंत्र गोदरेजने १९५५ साली तयार केले. त्यानंतर तालुक्या-तालुक्यांतून 'टाइपरायटिंग इन्स्टिट्यूट'च्या पाट्या लागल्या. मॅट्रिक झालेल्या मुलाने किंवा मुलीने रिकामे बसू नये म्हणून टायपिंगला घालावे, हा मध्यमवर्गीय घरांचा जणू कुळाचारच झाला. कागदाखाली कार्बन, त्याखाली दुसरा कागद, शाईची फीत, ओळ संपली की टिंग् वाजणारी घंटा. आणि पहिला धडा सर्वत्र एकच: डाव्या हाताने ए-एस-डी-एफ, उजव्या हाताने सेमीकोलन-एल-के-जे.

इंग्रजीची सव्वीस अक्षरे यंत्रात सहज मावली. मराठीचे मात्र तसे नव्हते. स्वर, व्यंजने, काना, मात्रा, वेलांट्या, रफार आणि शेकड्यांनी जोडाक्षरे. कळा मात्र चाळीस-पंचेचाळीस. तेव्हा देवनागरी यंत्र करणाऱ्यांनी एक युक्ती काढली. ख, घ, थ, ध, भ, श, ण अशा अक्षरांची उजवीकडची उभी रेघ त्यांनी काढून ठेवली. यंत्रावर अर्धा 'भ' उमटवावयाचा आणि मग काना द्यावयाचा, की पूर्ण 'भ' झाला. त्यामुळे अर्धे अक्षर आणि पूर्ण अक्षर, दोन्हींचे काम एका कळेत भागले. रेमिंग्टन पद्धतीत आजही 'कि' लिहिताना वेलांटी आधी आणि 'क' नंतर, कारण कागदावर डावीकडून पाहिले तर डोळ्याला वेलांटीच आधी दिसते.

ही यंत्रे आता गेली. गोदरेजने २००९ च्या सुमारास त्यांचे उत्पादन थांबवले. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेच्या टंकलेखन परीक्षाही संगणकावर आल्या. ऑगस्ट २०१७ मध्ये राज्यात हजारो विद्यार्थ्यांनी जुन्या यंत्रावर परीक्षा दिली, ती त्या खडखडाटाची जवळजवळ अखेरची मैफल होती. वेग मोजण्याचे माप मात्र तेच राहिले: मिनिटाला तीस शब्द, चाळीस शब्द. लिपिक-टंकलेखकाच्या सरकारी जागेसाठी मराठी तीस किंवा इंग्रजी चाळीस ही अट आजही आहे.

डोळ्याचे टायपिंग आणि कानाचे टायपिंग

संगणक आला तेव्हा अनेकांना वाटले, हे केवळ टी. व्ही. जोडलेले टाइपरायटर आहे. तसे ते नाही. यंत्राच्या दृष्टीने 'भ' म्हणजे एक खूण आणि एक रेघ. संगणकाला त्याच्या आत 'भ' नावाचे एकच अक्षर साठवावयाचे असते. भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचे मोठे काम आधी कानपूरच्या आयआयटीत आणि मग १९८८ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅकमध्ये झाले. याच दशकात 'इन्स्क्रिप्ट' नावाची कळांची मांडणी ठरली. तिच्यात डाव्या हाताखाली स्वर आणि मात्रा आहेत, उजव्या हाताखाली व्यंजने. 'क'च्या कळेवर शिफ्ट दाबले की 'ख', 'ग'च्या कळेवर 'घ', 'प'च्या कळेवर 'फ'. आमच्या प्राचीन वैयाकरणांनी उच्चारावरून लावलेली वर्णमाला येथे कामाला आली! आणि येथे 'कि' लिहिताना आधी 'क' दाबावयाचा, मग वेलांटी; कारण तोंडातून आधी 'क'च निघतो. रेमिंग्टन पद्धती डोळ्याने लिहिते, इन्स्क्रिप्ट कानाने. आणखी एक सोय अशी की एकदा ही मांडणी हाताला बसली म्हणजे गुजराती वा कन्नड लिहितानाही अक्षरे त्याच जागी सापडतात.

क्लास लावण्यापूर्वी पालकांनी दोन गोष्टी अवश्य विचाराव्यात. कळांची मांडणी कोणती शिकवता? आणि लिहिलेला मजकूर युनिकोडमध्ये साठतो की एखाद्या जुन्या फाँटमध्ये? जुन्या फाँटमधले पत्र दुसऱ्या संगणकावर उघडले की 'महोदय'च्या जागी इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो, हा अनुभव पुष्कळांनी घेतला असेल. युनिकोडमध्ये तो प्रकार होत नाही, आणि मजकुरात एखादे नाव शोधावयाचे झाले तर तेही सापडते.

प्रमाणपत्रांची जंत्री

आता कोणता अभ्यासक्रम कशासाठी, हे थोडक्यात सांगतो. कारण येथे पुष्कळांची गल्लत होते.

एमएस-सीआयटी हा २००१ साली सुरू झालेला अभ्यासक्रम. शासनाच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनने तो गावोगाव नेला. त्याने संगणकाची ओळख होते, भीती मोडते आणि सरकारी नोकरीत मागतात ती संगणक हाताळणीची अर्हता मिळते. पण ओळख म्हणजे व्यवसाय नव्हे. सायकल शिकलेल्या मुलाला कोणी ड्रायव्हर म्हणत नाही, तसेच हे आहे.

परीक्षा परिषदेची संगणक टंकलेखन परीक्षा ही दुसरी. तिच्यात वेगाच्या उताऱ्याशिवाय पत्र, तक्ता, ई-मेल आणि संगणकावरचे प्रश्नही असतात. लिपिकाच्या जागेसाठी ती हवीच. शिवाय लोकसेवा आयोग आता लिपिक-टंकलेखकांची टंकलेखन कौशल्य चाचणी स्वतःही घेतो. तेव्हा प्रमाणपत्र पेटीत ठेवून हात गंजू देणे धोक्याचे आहे.

तिसरा मार्ग औद्योगिक प्रशिक्षण संस्थांचा, म्हणजे आयटीआयचा. तेथे 'कोपा' या नावाने ओळखला जाणारा संगणक चालकाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम दहावीनंतर करता येतो. लघुलेखन व सचिवीय कामाचाही स्वतंत्र व्यवसाय-अभ्यासक्रम आहे. आयटीआय म्हटले की पालकांच्या डोळ्यांपुढे फक्त फिटर आणि वेल्डर येतात. मुलींसाठीही तेथे जागा आहेत, हे अनेकांना ठाऊक नसते. चौथा मार्ग केंद्र सरकारच्या 'नायलिट' संस्थेचा. तिचे एक केंद्र जिल्ह्याच्या शहरात आहे. तिची 'ओ' लेव्हल परीक्षा पुढे संगणक क्षेत्रातच शिरू पाहणाऱ्यांसाठी अधिक पाया भक्कम करणारी आहे.

आणि गंगापूरकरांच्या दाराशी असलेला पाचवा मार्ग म्हणजे वाळूज. ही औद्योगिक वसाहत याच तालुक्यात येते. १९८५ साली बजाजचा कारखाना तेथे सुरू झाला आणि त्याच्याभोवती सुटे भाग करणाऱ्या लहानमोठ्या कारखान्यांचे जाळे विणले गेले. यंत्रावर माणूस लागतो तसा स्टोअरमध्ये, गेटवर, डिस्पॅचमध्ये आणि हिशेबाच्या टेबलावरही लागतो. २०१७ साली जीएसटी आला, पुढच्या वर्षी मालवाहतुकीचे ई-वे बिल आले. तेव्हापासून तर गाडी फाटकाबाहेर पडण्यापूर्वी तिचा कागद संगणकातून निघावा लागतो. गाडीच्या नंबरातला एक आकडा चुकला तर माल वाटेत अडकून पडतो. तेथे मिनिटाला किती शब्द, हे कोणी विचारीत नाही. कागद बिनचूक आहे काय, एवढेच विचारतात.

एका वेलांटीची किंमत

खरी गोम येथे आहे. वर सांगितलेल्या सर्व अभ्यासक्रमांत समोर ठेवलेला मजकूर उतरवावयास शिकवतात. कचेरीत बसल्यावर मात्र समोर मजकूर कोणी ठेवीत नाही. समोर असतो एक माणूस. त्याच्या हातात चुरगळलेला अर्ज असतो, त्याला काय हवे ते त्याला नीट सांगता येत नाही, आणि साहेबांनी सांगितलेले असते, "याचे काय ते बघून टिपणी ठेवा."

चुकीची किंमत किती मोठी असते हे पाहावयाचे असेल तर जमीन महसूल अधिनियम, १९६६ उघडावा. त्यातले १५५ वे कलम लेखनप्रमादाच्या दुरुस्तीसाठी आहे. कारकुनाच्या हातून चूक होणार, हे कायद्याने इतके गृहीत धरले आहे की त्यासाठी एक कलमच राखून ठेवले! १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा घरबसल्या मिळू लागला, ही फार मोठी सोय झाली. पण हस्तलिखित सातबारा संगणकात चढवताना एखाद्या 'विठ्ठल'चा 'विठल' झाला किंवा 'गट नंबर ११२'चा '१२१' झाला, की तो शेतकरी तलाठ्याकडून मंडळ अधिकाऱ्याकडे आणि तेथून तहसिलीत फेऱ्या मारतो. पूर्वी वेलांटी चुकली तर वाचणारा समजून घेई. संगणक समजून घेत नाही. आधार कार्डावर एक नाव, बँकेत दुसरे आणि सातबाऱ्यावर तिसरे, अशा तीन माणसांचा एकच देह असलेले शेतकरी प्रत्येक गावात आहेत. टायपिस्टाच्या बोटाने अर्ध्या सेकंदात केलेली चूक निस्तरावयास दुसऱ्याची मजुरी बुडते.

आमच्या पूर्वजांना हे कळत होते. शिवछत्रपतींच्या अष्टप्रधानांतला सचिव, ज्याला आधी सुरनीस म्हणत, त्याचे एक मुख्य काम असे, की राजपत्रे तपासावीत आणि त्यांत अक्षर कमीअधिक झाले असेल तर ते शुद्ध करावे. अक्षराची चूक शोधण्यासाठी राज्याचा एक प्रधान नेमलेला! अण्णाजी दत्तो हे त्या पदावर होते. आज आपण हे काम 'स्पेलचेक'वर सोपवून मोकळे होतो, आणि मराठीसाठी तेही बहुधा बंदच असते.

मसुदा कोणी शिकवावा?

गोदावरीच्याच खोऱ्यात, जालना जिल्ह्यातल्या जांब गावी जन्मलेल्या समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाच्या आरंभी एक संपूर्ण समास लेखनक्रियेला दिला आहे. अक्षर वाटोळे व मोकळे असावे, ओळी सरळ असाव्यात, दोन ओळींतले अंतर सारखे असावे, शाई-कागद-लेखणी यांचा संग्रह कसा करावा, हे सारे त्यात आले आहे. संतांच्या ग्रंथात ही कचेरीची शिस्त कशाला, असा प्रश्न त्यांना पडला नाही. ज्याचे लिहिणे नेटके त्याचा विचार नेटका, हे त्यांना ठाऊक होते.

बाळाजी आवजी चिटणीसांची आख्यायिका सर्वांना माहीत असेल. महाराजांनी सांगितलेले पत्र लिहावयाचे राहून गेले होते. वाचून दाखवण्याची आज्ञा झाली तेव्हा बाळाजींनी कोरा कागद हाती धरून सबंध पत्र अस्खलित वाचून दाखवले! गोष्ट खरी असो वा नसो, ती पिढ्यानपिढ्या सांगितली गेली याचे कारण तिच्यातले मर्म. पत्र आधी डोक्यात तयार व्हावे लागते. कागदावर उतरणे ही नंतरची गोष्ट. आमची मुले नेमकी उलट्या टोकाला उभी आहेत. त्यांची बोटे उत्तम चालतात, आणि कोरा कागद समोर आला की ती थांबतात.

यात दोष मुलांचा नाही. दहावीला पत्रलेखनाचे मोजकेच मार्क असतात. तेवढ्यापुरते एक पत्र पाठ केले जाते. महाविद्यालयात आम्ही कविता शिकवतो, कादंबरी शिकवतो, आणि ते शिकवावयासच हवे. पण टिपणी, मसुदा, गोषवारा, सभेचे इतिवृत्त, पोचपावती, सहपत्रे या शब्दांशी मुलांची गाठ वर्गात फारशी पडत नाही. क्लासवाले म्हणतात, हे मराठीच्या मास्तरांचे काम. मास्तर म्हणतात, हे क्लासवाल्यांचे. या दोघांच्या मध्ये मुलगी उभी राहते, हातात तीन प्रमाणपत्रे घेऊन.

म्हणून घरच्या घरी करता येतील अशा चार गोष्टी सुचवतो. त्यांना फी पडत नाही.

पहिली गोष्ट, गोषवारा. वर्तमानपत्रातली एखादी जाहीर नोटीस किंवा बँकेचे पत्र मुलांपुढे ठेवावे आणि तीन वाक्यांत सांगावयास लावावे: कोण, कोणाकडे, काय मागतो आहे, आणि मुदत केव्हाची. सुरुवातीस अर्धा तास लागतो. महिन्याभरात पाच मिनिटांवर येतो.

दुसरी, खरा मसुदा. घरातली पत्रे मुलांकडून लिहवून घ्यावीत. वीजबिल जास्त आले असेल तर ग्राहक क्रमांक, महिना, मागचे वाचन, आताचे वाचन, नेमकी विनंती आणि सोबत जोडलेले कागद, हे सारे एका पानात आले पाहिजे. 'सविनय सादर' अशा शब्दांची आरास कमी आणि माहिती जास्त असली म्हणजे साहेबही प्रसन्न होतात!

तिसरी, रुजुवात. हा जुना कचेरीतला शब्द आता मागे पडला आहे. मूळ कागद एकाने मोठ्याने वाचावा, दुसऱ्याने नकलेवर बोट ठेवून ताडून पाहावा, याला रुजुवात घालणे म्हणत. नावे आणि आकडे यांची रुजुवात घातल्याशिवाय कागद हातावेगळा करू नये, ही एक सवय ज्या मुलीला लागली, तिला वाळूजमधला कोणताही मालक सोडणार नाही.

चौथी, मांडणी. सरकारी कचेऱ्यांत सहा गठ्ठ्यांची पद्धत आहे. चालू प्रकरणे एका गठ्ठ्यात, उत्तराची वाट पाहत असलेली दुसऱ्यात, ठरावीक मुदतीने पाठवावयाची विवरणपत्रे तिसऱ्यात, स्थायी आदेश चौथ्यात, अभिलेख कक्षात जाणारे कागद पाचव्यात आणि नष्ट करावयाचे सहाव्यात. किती शहाणपणाची व्यवस्था! ज्याने ही समजून घेतली त्याच्या संगणकावर 'न्यू फोल्डर', 'न्यू फोल्डर दोन', 'न्यू फोल्डर खरा' असली बेवारशी पिलावळ कधी दिसणार नाही. संगणकातले फोल्डर म्हणजे दुसरे काय? गठ्ठेच ते!

यंत्रच लिहू लागले, मग?

येथे एखादा चाणाक्ष वाचक म्हणेल, "मास्तर, आता हे सारे कशाला? पत्र लिहून देणारे यंत्रच आले आहे." खरे आहे. २०२२ च्या अखेरीपासून सांगितल्याबरोबर मजकूर लिहून देणाऱ्या संगणक-प्रणाली सर्वांच्या हाती आल्या. मराठीतही त्या लिहितात. बोललेले ऐकून टाइप करणारी सोय तर साध्या फोनमध्ये आहे. तेव्हा मिनिटाला तीस शब्दांची मातब्बरी पुढे किती वर्षे टिकेल, हा प्रश्न वाजवी आहे.

पण त्यामुळे माझे म्हणणे उलटत नाही, पक्के होते. यंत्राने दिलेला मसुदा बरोबर आहे की नाही, हे ठरवणार कोण? त्याने नियमाचा क्रमांक ठोकून दिला असेल, नसलेल्या शासन निर्णयाची तारीख घातली असेल, 'विठल'चे 'विठ्ठल' केले नसेल. भाषा इतकी गुळगुळीत असते की चूक सहज डोळ्यांखालून निसटते. साहेब सही करतील ती यंत्राच्या नव्हे, तुमच्या भरवशावर. पूर्वी लिहिणारा कारकून हवा होता. आता तपासणारा सुरनीस हवा आहे. उर्दूकडून मराठीकडे येताना जो तरला, यंत्राकडून संगणकाकडे येताना जो तरला, तोच आताही तरेल: ज्याला काम कळते, माणसाचे गाऱ्हाणे कळते, आणि त्याला चोख शब्द देता येतो.

तेव्हा "पुढे काय?" या पालकांच्या प्रश्नाला माझे उत्तर असे. टायपिंग अवश्य शिकवा. बोटे तयार असलीच पाहिजेत. एमएस-सीआयटी करा, जमल्यास आयटीआय किंवा 'ओ' लेव्हल करा. पण चौथ्या प्रमाणपत्राची फी भरण्यापूर्वी मुलीला एक कोरा कागद द्या आणि शेजारच्या आजीचा अर्ज लिहावयास सांगा. आजीच्या पेन्शनचे काय अडले आहे ते तिच्याच तोंडून ऐकून घेऊन, एका पानात, नाव-गाव-तारखेसह. तो अर्ज मंजूर होऊन आला, तर मुलगी शिकली असे खुशाल समजा.

आमच्याकडे लक्ष्मीपूजनाला वह्यांची पूजा करतात. हल्ली काही दुकानांतून वहीशेजारी लॅपटॉपलाही हळदकुंकू लागते, आणि त्यात वावगे काही नाही; पोट ज्यावर चालते त्याचा मान ठेवावा. वहीच्या पहिल्या पानावर 'श्री' मात्र आपण अजून हाताने काढतो. यंदा ते 'श्री' घरातल्या त्या टायपिंग शिकणाऱ्या मुलीला काढू द्यावे, आणि तिने वर्षभरात लिहिलेला पहिला अर्ज त्या वहीत जपून ठेवावा. वाचकांना ही दिवाळी सुखाची जावो.